तिघांत एक दाबलेलं

१

हे सगळं मला नीट आठवतंय, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. जन्मभर मुलांना संख्याशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी पहिल्याच तासाला बजावलं, की जिथे नोंद नाही तिथे मनचं भरू नका. माझी स्मरणशक्ती मात्र नेमका तोच उद्योग करते. रिकामी जागा दिसली की काहीतरी सरासरी भरते आणि मोकळी होते. त्या दुकानाचं दार हिरवं होतं असं मी म्हणतो. बायको निळं म्हणायची. तेव्हा रंगांच्या बाबतीत माझ्यावर फार विसंबू नका. आवाजांबद्दल माझी खात्री त्यातल्या त्यात जास्त आहे, कारण तिथला बराच वेळ मी डोळे मिटून बसलेलो असायचो. ते का, ते पुढे येईलच.

त्या वर्षी बायको एका लांबलेल्या तापातून उठली. ताप गेला, पण जाताना तिच्या तोंडाची चव घेऊन गेला. सूप, भात, फळं, सगळंच तिला ओल्या पुठ्ठ्यासारखं लागे. दोन घास खाऊन ती ताट सरकवायची आणि सरकवता सरकवता "छान झालंय हो" म्हणायची, कारण स्वयंपाक मी करत होतो आणि ती मनाने भली होती. तिचं घड्याळ मनगटावरून घसरत पार कोपरापर्यंत जाऊ लागलं.

डॉक्टर तरुण होते, पण आडपडदा ठेवणारे नव्हते. म्हणाले, "वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल. या वयात एकदा नळी घातली की ती निघणं अवघड असतं."

तिच्या आईची शेवटची वर्षं नळीवर गेली होती. आम्ही घरी आलो. दारात चपला काढताना एवढंच म्हणाली, "नळी नको. बाकी काही झालं तरी चालेल. तेवढं बघा."

"मग खा ना काहीतरी. काय खाशील, सांग."

तिने बराच विचार केला. परीक्षेत न येणाऱ्या प्रश्नाकडे मुलं बघतात तशी भिंतीकडे बघत राहिली.

"दाबलेलं खाईन," ती म्हणाली.

२

आमच्या शहराला मिरवण्यासारखं फार काही नाही, पण हे एक सँडविच आहे. जाड गोल पाव, आत मंद आचेवर तासभर परतून मधाच्या रंगाचा झालेला कांदा, वितळलेलं चीज, आंबवलेली काकडी, मोहरीचा लेप. आणि हे सगळं तव्यावर ठेवून वरून लोखंडी वजनाने दाबायचं. पाव वरून खरपूस होऊन त्याची उंची निम्मी होईपर्यंत. त्याला दुसरं नाव नाही. दुकानात शिरून "एक दाबलेलं" म्हणायचं, बस.

आणि एक रीत आहे. दाबलेलं अख्खं कधी देत नाहीत. टेबलावर किती माणसं आहेत ते करणारा स्वतः डोकावून बघतो आणि तेवढे काप करतो. "किती जण?" असं विचारणं असभ्य समजतात, जणू आलेल्या माणसाकडे आपण नीट बघितलंच नाही. अगदी गर्दीच्या दुकानातही ही रीत पाळतात आणि त्यात कुणी चुकल्याचं मी ऐकलेलं नाही.

लोक म्हणतात चांगलं दाबलेलं कुठेही मिळतं, उत्तम कुठे मिळतं यावर भावाभावांत अबोला आहे. मी ठरवलं, उत्तम शोधायचं. ते सापडलं तर तिची जीभ जागी होईल, असा माझा तर्क. तर्क कसला, आशा. पण मला आशेलाही पद्धत लागते, म्हणून मी नियम केले. एका दुपारी एकच दुकान. दोघांत एकच दाबलेलं. आपला तुकडा संपेपर्यंत डोळे मिटलेले, कारण डोळे पक्षपाती असतात. चकचकीत टेबल आणि नक्षीची बशी पाहून उगाच गुण देतात. आणि मग दोघांनी एकदम बोटं दाखवायची, दहापैकी किती ते. आधी एकाने दाखवली तर दुसरा बधतो.

"अहो, खायचंय की परीक्षा घ्यायचीय?" ती म्हणाली.

"दोन्ही."

"आणि तुमच्या मिशीला लागलं, तर मी बघायचं नाही?"

"नंतर बघायचं."

पण तिला तो खेळ आवडला, हे मला दिसत होतं. स्टेशनजवळच्या दुकानात कांदा करपलेला होता. तिने दोन बोटं दाखवली, मी पाच.

"हे दयेचे गुण," ती म्हणाली. "मुलं तुमच्यावर उगाच नव्हती प्रेम करत."

नाट्यगृहासमोरचं फार गोड, नदीकाठचं थंड. प्रत्येक ठिकाणी ती एखाद-दुसरा घास खाऊन थांबायची आणि तिचा तुकडा मी संपवायचो. वजन माझंच वाढत चाललं होतं.

३

ते दुकान आम्ही शोधलेलं नाही. आम्ही दुसऱ्याच एका नावाजलेल्या दुकानाकडे निघालो होतो. वाटेत रबरी शिक्के करणाऱ्यांची गल्ली लागते, तिथे तिला दम लागला. समोर दार दिसलं, पाटीवर चहा आणि दाबलेलं एवढंच लिहिलेलं, म्हणून आत जाऊन बसलो.

आत चौकोनी टेबलं होती, प्रत्येकाला चार खुर्च्या. एका कोपऱ्यात हात धुवायचं भांडं, त्यावर कपची उडालेला आरसा. मागे लाकडी आडोसा आणि त्याला एक छोटी खिडकी, पलीकडे तवा. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. एक मध्यमवयीन बाई आल्या, कमरेला पुसून पुसून मऊ झालेलं फडकं, चेहरा झोपेतून उठल्यासारखा शांत.

"एक दाबलेलं," मी म्हणालो.

"बसा निवांत," त्या म्हणाल्या. आत जाताना खिडकीतून एकवार टेबलाकडे पाहिलं.

मग आवाज. लोणी पडल्याचा. पाव ठेवल्याचा. वजन टेकल्यावर तव्याने टाकलेला लांब सुस्कारा. आम्ही दोघंही ऐकत होतो. पाव दबताना एक बारीक चरचर होते, ती थांबली की उचलायचं असतं. या बाईंनी अगदी त्याच क्षणी उचललं. मी बायकोकडे कौतुकाने पाहिलं. मग लाकडी पाटावर सुरी.

टक.

आणि पुन्हा, टक.

दोघांसाठी एकदाच कापावं लागतं. मला वाटलं, पहिला वार नीट बसला नसेल.

बाई तीन बशा घेऊन आल्या. एक तिच्यापुढे, एक माझ्यापुढे, आणि तिसरी आम्हा दोघांच्या मधल्या रिकाम्या खुर्चीपुढे. ठेवल्यावर ती बशी त्यांनी जराशी फिरवली, तुकड्याची कापलेली बाजू खुर्चीकडे येईल अशी. आमच्याही तशाच फिरवल्या होत्या.

"बाई, आम्ही दोघंच आहोत," मी म्हणालो.

त्यांनी टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्याशी बोलतात तसं सावकाश म्हणाल्या, "असू द्या की, आजोबा."

"असू द्या हो," बायकोही म्हणाली. "वाया नाही जायचं."

४

त्या दिवशीची चव मी वर्णन करू शकतो आणि ती करायला मला आवडतं. आधी पावाचा कडकपणा, मग कांद्याचा असा गोडवा की तो जिभेवर न राहता टाळूला जाऊन चिकटतो. त्यामागून काकडीचा आंबट चटका आणि सगळ्यात शेवटी, गिळून झाल्यावर, मोहरी नाकात. मला वाटतं मी मनात दहा म्हणून टाकलं.

डोळे उघडले. तिची बशी रिकामी होती.

रिकामी म्हणजे साफ. बोटाने कण टिपलेले. तिच्या गालावर एक कण होता आणि डोळ्यांत पाणी. तिने नऊ बोटं दाखवली. मी दहाच्या दहा.

"दहावा का कापलास?" मी विचारलं.

"तुम्ही तिसराही हडप केलात म्हणून."

मी पाहिलं. तिसरी बशीही साफ होती.

"मी? मी नाही."

"मिशीला विचारा."

मिशीला लागलं होतं, यात वाद नाही. मी वाद घातलाही नाही. ताप उतरल्यापासून बायकोने पहिल्यांदा वाढलेलं सगळं खाल्लं होतं. त्या क्षणी कुणी मला म्हटलं असतं की टेबलही तुम्हीच खाल्लंत, तरी मी मान्य केलं असतं. घरी आल्यावर, खुर्चीत बसून वर्तमानपत्र उलटं धरल्याचं लक्षात आल्यावर, मी स्वतःला विचारलं: तू दोन तुकडे खाल्लेस का? पोटाला विचारलं. पोट म्हणालं, सांगता येत नाही. तिनेच खाल्ला असेल आणि गंमत करत असेल, ही शक्यता मला फार गोड वाटली. मी ती भरून टाकली.

५

तिला दुसरं दुकान नकोच होतं. "शोध संपला," ती म्हणाली. "आता नुसतं खायचं." नियम मात्र तिने चालू ठेवले, डोळे मिटण्याचा तर अगदी कडक. म्हणायची, "उघड्या डोळ्यांनी तितकं लागत नाही."

लेकीला हे कळल्यावर ती तणतणत आली. ती औषधांच्या दुकानात काम करते आणि जगातली सगळी दुःखं अपचनातून येतात असं तिचं मत आहे.

"बाबा, आजारी माणसाला रोज चीज आणि लोणी? डॉक्टरांना विचारलंत?"

"डॉक्टर म्हणाले वजन वाढतंय."

"माझं पण वाढेल असल्या औषधाने. मी येते आज. बघते काय देतात ते."

ती आली. आम्ही तिघं बसलो, माझ्या उजवीकडची खुर्ची रिकामी. मी आडोशाकडे कान देऊन होतो. तिघांसाठी दोनदा. मी मोजलं नसतं तर बरं झालं असतं.

टक. टक. टक.

चार बशा आल्या. लेकीने चौथीकडे पाहून भुवई उंचावली. "हा कुणाचा? बाबा, तुमचा डबल ना? चला, मी घेते," म्हणून तिने हात पुढे केला.

बायकोने तिच्या हातावर फटका मारला. लहानपणी जेवणाआधी बशीतलं उचलल्यावर मारायची, तसाच.

"राहू दे तो."

"अगं, पण..."

"राहू दे म्हटलं ना. आणि डोळे मीट. नियम आहे."

"हे काय नवीन? बरं, मिटते. फोटो काढू नका कुणी."

लेक हसत हसत चावत होती, तिला घास नीट गिळताही येत नव्हता. मीही डोळे मिटले, पण माझं लक्ष खाण्यात नव्हतं. मी ऐकत होतो. लेकीचं खुदखुदणं. बायकोची कवळी, प्रत्येक चावण्याला एक बारीक खट. माझं स्वतःचं, कवटीच्या आतून. आणि उजवीकडून आणखी एक. घाई नसलेलं. नीट चावून, मग थांबून, मग पुन्हा. चांगल्या घरच्या माणसासारखं, तोंड मिटून.

डोळे उघडले तेव्हा चारही बशा साफ होत्या.

"बाबा," लेक म्हणाली, "तुम्ही सरळ मागून घ्या ना दोन. असं चोरून काय खाता? आणि कसलं भारी आहे हो हे."

ती अगदी खात्रीने बोलत होती. मला दोन क्षण खरंच वाटलं की मीच खाल्ला असेन. माणूस म्हातारपणी काय काय करतो आणि विसरतो. मी ओशाळून हसलो, आणि बायकोने लेकीकडे बघून डोळे मिचकावले.

६

ती घरीही जेवू लागली. आधी अर्धी वाटी सूप, मग भात. घड्याळ कोपरावरून उतरून परत मनगटावर आलं. एके दिवशी माझ्या सुपाला तिने पहिल्यांदा नावं ठेवली. "मीठ विसरलात," ती म्हणाली. इतके महिने मी काय काय विसरलो असेन, आणि ते तिला कळत नव्हतं! मी आत जाऊन मिठाचा डबा आणून तिच्यापुढे ठेवला.

मग मी ते सूप चाखलं. मला त्यात मीठ नाही असं वाटलं नाही. आहे असंही वाटलं नाही.

याला स्पष्टीकरण होतं. वय होतं. सर्दी होती. शिवाय रोज तेच ते खाल्लं की जीभ बोथटते, हे कुणीही सांगेल. दुकानातही आताशा मला कडकपणा जाणवायचा, ऊब जाणवायची, चीजचा चिकटपणा जाणवायचा. त्यापलीकडे जे असतं ते दर खेपेला थोडं लांब गेलेलं असायचं, गाडी सुटल्यावर फलाट जातो तसं. बोटं दाखवताना मी एक क्षण उशीर करायचो आणि तिची बघून दाखवायचो. मीच केलेला नियम मीच मोडत होतो.

एका दुपारी दुकानातून बाहेर पडताना ती म्हणाली, "आज तुमचा हात किती गार होता हो. बरं नाही का वाटत?"

"कधी?"

"खाताना. धरला होतात ना."

आम्ही समोरासमोर बसायचो. त्या टेबलावरून माझा हात तिच्यापर्यंत पोचायला मला उठून उभं राहावं लागलं असतं. आणि मी दोन्ही हातांनी खातो. एका हाताने खाल्लं की माझा पाव नेहमी सुटतो.

"जरा थंडी वाजत होती," मी म्हणालो.

"स्वेटर घाला उद्यापासून," ती म्हणाली आणि माझी कॉलर नीट केली.

७

दुसऱ्या दिवशी मी डोळे उघडले.

म्हणजे मध्येच. ठरवून. मनात म्हटलं, तू आयुष्यभर पुरावा मागत आलास, आता पुरावा हातभर अंतरावर आहे आणि तू डोळे मिटून बसलायस. किलकिले केले, मग पूर्ण.

खोलीत दुपारचा सरळ उजेड होता. शिक्क्यांच्या गल्लीतून यंत्राची धडधड येत होती. तिसऱ्या बशीत काही नव्हतं. एवढ्या लवकरही नव्हतं. बायको डोळे मिटून चावत होती. तिच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पाहिलं होतं, आणि मग आम्ही दोघंही कामाला लागलो. उजव्या हातात तुकडा. डावा हात टेबलावर, रिकाम्या खुर्चीच्या बाजूला पसरलेला. अंगठा हळूहळू मागेपुढे होत होता. कुणाच्या हाताच्या पाठीवरून आपण फिरवतो, तसा.

पण मी पाहिलं ते हे नव्हे. तिचा तळहात टेबलाला टेकलेला नव्हता. बोटं सैल होती, मनगट सैल होतं, सगळा भार सोडलेला होता. आणि तरी तळहात आणि टेबल यांच्या मध्ये फट होती. त्या फटीतून मला पलीकडची मिठाची बाटली दिसली. फट एका हाताच्या जाडीची होती.

मी किती वेळ पाहिलं कोण जाणे. मग चावण्याचा तो आवाज थांबला. तिचा नव्हे. उजवीकडचा. जेवताना आपल्याकडे कुणी टक लावून पाहिलं की आपण थांबतो, तसा.

मी डोळे मिटून घेतले. घट्ट. थोड्या वेळाने चावणं पुन्हा सुरू झालं, आणि मला, का ते विचारू नका, हायसं वाटलं.

८

तिला सांगायचं की नाही, यावर मी दोन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. सांगितलं असतं तर तिने एकतर मला वेड्यात काढलं असतं, नाहीतर विश्वास ठेवला असता. विश्वास ठेवला असता तर तिथलं खाणं बंद. खाणं बंद म्हणजे काय, ते डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं. एका पारड्यात ती नळी आणि दुसऱ्यात एक शिष्टाचाराने जेवणारा पाहुणा. बसेना का बापडा, मी म्हटलं. ती जेवतेय ना.

तेव्हा आम्ही जात राहिलो. मी डोळे मिटून बसायचो आणि ऐकायचो, खट खट, आणि उजवीकडचं ते शांत चावणं. खरं सांगायचं तर त्याची सवय झाली. एकदा तर त्याला ठसका लागला असं मला वाटलं, आणि मी पाण्याचा पेला उजवीकडे सरकवला. कुणी "थँक्यू" म्हटलं नाही, हे बरं झालं.

वजन तपासायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता माझ्याकडे येऊ नका. कंटाळा येईल तुम्हाला." बायकोने त्यांना विचारलं, की नळीचं काय. ते म्हणाले, कसली नळी? ती बाहेर येऊन बाकावर बसली आणि बराच वेळ माझा हात धरून बसली. तो हात माझाच होता. मी मुद्दाम खाली बघून खात्री केली.

"आज दाबलेलं," ती म्हणाली. "पेढे म्हणून."

गेलो. बसलो. बाईंनी खिडकीतून पाहिलं. सुस्कारा, चरचर, पाट.

टक.

मी वाट पाहिली. दुसरा वार झाला नाही. आधी मला आनंद झाला. लहान मुलासारखा झाला. सुटलो, मी म्हटलं, दोघंच आहोत आपण.

बाई दोन बशा घेऊन आल्या. एक बायकोपुढे ठेवली, फिरवली. दुसरी रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली, आणि फिरवली. मग माझ्यासमोरच्या जागेवरून कमरेचं फडकं एकदा फिरवलं, गिऱ्हाईक उठून गेल्यावर फिरवतात तसं.

"बाई," मी म्हणालो. "माझा?"

त्यांनी आवाजाच्या दिशेने पाहिलं. माझ्याकडे, पण थोडं बाजूला. चेहऱ्यावर नेहमीचाच शांतपणा, त्यात वाईट काही नव्हतं.

"तुमचं झालं की, आजोबा," त्या म्हणाल्या.

"अहो, विसरल्या असतील," बायको म्हणाली. "माझ्यातला घ्या." तिने आपला तुकडा मोडून मोठा भाग मला दिला. ती नेहमी मोठा भाग द्यायची. मी तो तोंडात घातला आणि चावला. कडक काहीतरी मोडलं. ऊन काहीतरी पसरलं. बाकी तिथे काही नव्हतं. पुठ्ठ्याचीही चव नव्हती.

"किती?" तिने डोळे उघडून विचारलं. तिची दहाही बोटं वर होती.

मी दहा दाखवली.

जिना उतरल्यासारखी ती त्या दुकानाची एक पायरी सावकाश उतरली, मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "आता पुरे झालं हो. आता घरीच करत जाऊ." पुन्हा आम्ही तिथे गेलो नाही. दुकान बंद वगैरे पडलेलं नाही. मी कधीतरी त्या गल्लीतून जातो, आत माणसं बसलेली असतात, हसत असतात. मी थांबून त्यांच्या बशा मोजत नाही.

९

त्यानंतर ती खूप वर्षं जेवली. चवीने जेवली, मला नावं ठेवत जेवली, लेकीच्या हातचं कसं बिघडतं ते मला कानात सांगत जेवली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघून शिकलो. तिची डावी भुवई उचलली की मीठ जास्त. ओठ मिटले की आंबट. डोळे मिटले की उत्तम. तेवढ्यावर मी पंक्तीत बसून दाद देऊ शकत होतो आणि कुणाला कधी शंका आली नाही. एकदा ती म्हणाली, "तुमची जीभ म्हातारपणी फार तयार झाली." एका सकाळी ती झोपेतच गेली, आदल्या संध्याकाळी दुसऱ्यांदा खीर मागून घेतली होती. नळी तिला कुणी लावली नाही. तेवढं बघितलं.

ती गेल्यावर बघायला चेहरा उरला नाही आणि मी जेवेनासा झालो, तेव्हा लेकीने मला ओढत तज्ज्ञाकडे नेलं. त्यांनी दिवा लावून, भिंग धरून माझी जीभ पाहिली. मग सहायकाला बोलावून दाखवली. म्हणाले, चव ओळखणारे जे उंचवटे जिभेवर असतात ते तुमच्या जिभेवर नाहीत. गेले नाहीत, झिजले नाहीत. मुळात उगवलेलेच नाहीत. अशी जीभ जन्मतःच असते, नंतर होत नाही.

मी म्हणालो, मला कांद्याची चव आठवते. टाळूला चिकटते ती. मोहरी नाकात जाते ती.

ते समजुतीने म्हणाले, इतरांचं ऐकून ऐकून तसं वाटू लागतं. आयुष्यभर लोकांत जेवलात ना.

एका निरीक्षणावर मी विश्वास ठेवत नाही. म्हणून पुढच्या महिन्यात एकटाच दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या तज्ज्ञाकडे गेलो. पहिल्याचं मत त्यांना सांगितलं नाही, कागद दाखवले नाहीत, फक्त तोंड उघडून बसलो. त्यांनी बराच वेळ पाहिलं, दिवा बंद केला आणि तेच सांगितलं.